अक्षर लागलं, पण माप लागलं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांच्या पेटीत मोडीतले साठेक कागद, दोन हिशेबाच्या वह्या आणि काही चिठ्ठ्या (त्यांतली एक १८८२ सालची) निघाल्या. प्रश्नकर्त्यानं मोडीचा वर्ग केला, अक्षरं लागायला लागली, पण वाचूनही अर्थ हाती येत नाही. '५॥।=' म्हणजे किती? 'चार घटका दिवस आला असता' म्हणजे किती वाजता? 'सीत अशरीन मयातैन' हे साल आहे की शिवी? आणि या कागदांतून एकोणिसाव्या शतकातलं रोजचं जगणं खरंच कळतं का?

मी गेली २७ वर्षं लोकांच्या घरचे मोडी कागद वाचून देतो. वर्गातून बाहेर पडलेला प्रत्येक जण याच ठिकाणी अडतो. आपल्याला वाटतं लिपी अवघड आहे. तशी ती नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, 'र' जागेप्रमाणे रूपं बदलतो, एवढं सोसलं की तीन महिन्यांत हात बसतो. खरी अडचण पुढं आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात जी मापं होती ती आपल्या डोक्यात नाहीत. त्याचा दिवस बाराच्या काट्यावर चालत नव्हता, त्याचा पैसा दहाच्या पटीत मोडत नव्हता, त्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नव्हतं. आधी मापं डोक्यात बसवा, कागद मग बोलायला लागतो.

आधी पैसा, कारण वह्या आहेत.

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, आणि त्याच आण्याच्या १२ पया. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पया. हे आजी-आजोबांकडून ऐकलेलं असतं. ऐकलेलं नसतं ते लिहिण्याचं तंत्र. रुपयाच्या आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढची आडवी रेघ म्हणजे एकेक आणा. तर तुमची '५॥।=' ही खूण: पाच रुपये, त्यावर पाऊण रुपया म्हणजे बारा आणे, त्यावर दोन आडव्या रेघा म्हणजे दोन आणे. पाच रुपये चौदा आणे. रुपयाचा पाव भाग उभा, सोळावा भाग आडवा. चारच्या पटीत विचार करणाऱ्या माणसाला याहून सुटसुटीत काही सुचणं कठीण. उभ्या रेघेची वेळच आली नाही तर मध्ये 'ऽ' सारखी एक खूण घालतात, आणि घाईत काढलेली ती खूण हुबेहूब चाराच्या आकड्यासारखी दिसते. दोन आण्यांचे चार रुपये दोन आणे करून बसलेले लोक मी पाहिलेत.

अजून एक सापळा. त्याच दोन उभ्या रेघा शब्द तोडून लिहिल्याचीही खूण असतात. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'शु॥' म्हणजे शुद्ध पक्ष, 'सु॥' आलं की पुढं साल येणार. एकाच ओळीत 'शु॥ ९' आणि 'रु॥ ९॥' शेजारी शेजारी असतात आणि पहिल्या जोडरेघेचा अर्ध्याशी काही संबंध नसतो. नियम साधा आहे: अक्षरापुढं असेल तर तोडलेला शब्द, आकड्यापुढं असेल तर अर्धा.

आता रुपया कोणता हे पाहा. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, १८० ग्रेन वजनाचा, इंग्लंडच्या राजाच्या चेहऱ्याचा. त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच वर्षांच्या वह्यांत नुसता 'रुपये' असा शब्द आला की मी थांबतो. चांदवडी? अंकुशी? हाली सिक्का? प्रत्येकाची चांदी वेगळी आणि म्हणून भाव वेगळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर मधला फरक म्हणजे बट्टा. तुमच्या पहिल्या वहीत पान ११ वर 'बट्टा' असा स्वतंत्र खर्च आहे, तो हाच. सराफ नाणं दगडावर आपटून आवाज ऐकायचा, म्हणून आपण आजही माल 'वाजवून' घेतो आणि घराण्याच्या नावाला 'बट्टा' लागला म्हणतो. खाली सुटे म्हणजे खुर्दा. तांब्याची शिवराई, आणि अगदी तळाला कवडी.

जाता जाता एक सांगतो. जुन्या वहीतला तुपाचा भाव दाखवून 'तेव्हा केवढी स्वस्ताई' म्हणणारे संदेश दर आठवड्याला येतात. त्याच वहीत गड्याचा महिन्याचा पगार चार पानं पुढं लिहिलेला असतो. तो कुणी दाखवत नाही.

व्याजाचंही एक बघून ठेवा. 'दरमहा दरसद्दे रुपया १' असं कर्जखतात दिसलं की आजचा वाचक 'एक टक्का, काय दयाळू सावकार!' म्हणतो. ते दर महिन्याला, दर शंभराला. वर्षाचे बारा. याला एकोत्रा म्हणत. दीड असेल तर दीडोत्रा, वर्षाचे अठरा. धान्याचं कर्ज आणखी वेगळं. पेरणीला बी न्यायचं आणि सुगीला सवाईनं किंवा दिढीनं परत करायचं. एक मण नेलं तर सव्वा मण किंवा दीड मण, आणि तेही चार-पाच महिन्यांत. दामदुप्पट हा त्यावरचा लगाम: एका वेळी व्याज मुदलाहून जास्त वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातली इंग्रजी न्यायालयंही हा नियम मानत.

म्हणूनच पंतोजीच्या शाळेत पोरं धुळपाटीवर बोट फिरवत फक्त बे-बे दुणे चार करत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे होते, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे. आज ऐकायला छळ वाटतो. पण सव्वादोन आणे शेर भावानं साडेतीन शेर घेतले तर किती, हे वाण्याच्या ओट्यावर उभं राहून तोंडी सांगायचं असेल तर दुसरं काय कामाला येणार? सवाई-दिढीचं कर्ज फेडणाऱ्या कुळाच्या पोराला सवायकी-दिडकी येत नसेल तर घर बुडायचं. पाढ्यांमागे ही भीती होती, असं मला तरी वाटतं.

वजन-मापांत तर पाय जपूनच टाकावा. सोन्याचं सोपं: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. एकोणिसाव्या शतकात तोळा आणि कंपनीचा रुपया यांचं वजन एकच धरलं गेलं, १८० ग्रेन, आजच्या हिशेबानं ११.६६ ग्रॅम. त्यामुळे घराघरांत वजनं नसली तरी चालायचं, रुपयेच टाकायचे पारड्यात. वैद्याच्या चिठ्ठीत 'रुपयाभार सुंठ' दिसली तर ती एक रुपयाची सुंठ नव्हे, रुपयाच्या वजनाची सुंठ. हे मी एका वैद्यांच्याच नातवाला समजावून सांगितलं आहे.

धान्य मात्र तोलायचं नाही, मापायचं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. देशावर बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. कोकणात गेलात की फरा नावाचं माप येतं आणि हिशेब बदलतो. आता मजा बघा: तोलायचा मणही आहे, आणि तोही एक नाही. रेल्वेनं वापरलेला बंगाली मण ८० तोळ्यांच्या शेराचे ४० शेर, म्हणजे सुमारे ३७ किलो, तर मुंबईचा मण २८ पौंड, म्हणजे पावणेतेरा किलो. तिपटीचा फरक, शब्द एकच. तेव्हा वहीत 'गूळ मण ३' दिसलं की लगेच किलो काढायला बसू नका. वहीचं गाव कोणतं, पेठ कोणती, माल तोलायचा की मापायचा, हे आधी. नाही कळलं तर 'मण ३' असंच लिहून ठेवा. मी तेच करतो, आणि लोक नाराज होतात.

जमिनीच्या कागदात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचं पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. कापडाला गज, गजाचे २४ तसू. 'तसूभरही हलणार नाही' म्हणणाऱ्याला आज आपण किती हलणार नाही हे माहीत नसतं. एक इंचाहून किंचित जास्त.

आता वेळ. माझ्या मते या साऱ्यात सगळ्यात सुंदर भाग हाच.

दिवस सूर्योदयाला सुरू. एका सूर्योदयापासून पुढच्यापर्यंत ६० घटका, घटकेची ६० पळं. म्हणजे घटका २४ मिनिटांची. 'चार घटका दिवस आला असता' म्हणजे सूर्य उगवून ९६ मिनिटं झाली तेव्हा. वैशाखात पावणेआठच्या आत, मार्गशीर्षात साडेआठच्या आसपास. 'चार घटका दिवस राहिला असता' असेल तर उलटं, मावळतीच्या आधी ९६ मिनिटं. ही एक क्रिया नीट पाहिली नाही तर तुमचे पणजोबा सकाळी निघाले होते की संध्याकाळी हेच उलटं होतं. प्रहर म्हणजे उजेडाच्या दिवसाचा, उगवतीपासून मावळतीपर्यंतचा, चौथा भाग, आणि हा दिवस लहान-मोठा होतो म्हणून प्रहरही लहान-मोठा होतो. पुण्याला थंडीत दिवस ११ तासांचा, उन्हाळ्यात सव्वातेरा. तेव्हा दिवसाचा प्रहर पावणेतीन तासांपासून सव्वातीनच्या थोडा पुढंपर्यंत ताणतो. दोन प्रहर झाले की दुपार, शब्दच तो. आणि 'औट घटकेचं राज्य' म्हणजे साडेतीन घटका. ८४ मिनिटं. तेवढं राज्य मिळालं तरी पुष्कळ, हा भाग वेगळा.

ही घटका मोजायचं भांडं म्हणजे घटिकापात्र. तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला बारीक छिद्र. पाण्यानं भरलेल्या मोठ्या पातेल्यात ती तरंगत सोडायची. खालून पाणी चढत जातं, आणि वाटी बुडली की एक घटका झाली. पूर्वी मुंज-लग्नात जोशी हे घेऊन बसायचे, वाटीला कुंकू लावलेलं, बुडालेली वाटी काढून रिकामी करून पुन्हा सोडायची आणि किती झाल्या याची खूण ठेवायची. 'घटका भरली' हे आपण माणसाच्या शेवटाबद्दल बोलतो, ते याच वाटीमुळं.

मी एकदा हट्टानं असं पात्र करून घेतलं. पुण्यातल्या एका तांबटकाकांनी वाटी ठोकून दिली आणि म्हणाले, छिद्र तुम्हीच सांगा केवढं. मी सांगितलं. वाटी नऊ मिनिटांत बुडाली. छिद्र मोठं करता येतं, बारीक करता येत नाही, असं मला वाटलं. काकांनी तळ उलटा धरून छिद्राच्या कडा हलक्या हातानं ठोकल्या, धातू आत सरकला, छिद्र आवळलं. सोळा मिनिटं. पुन्हा ठोकलं. तेवीस. शेवटचं एक मिनिट गाठायला अख्खी दुपार गेली. पाणी गाळलेलं नसेल तर कचरा अडकून वाटी बुडायलाच विसरते, हेही तेव्हाच कळलं. पुस्तकात 'घटिकापात्र वापरीत' एवढं एक वाक्य असतं. त्या वाक्यात किती तांबट आणि किती जोशी बसलेले असतात हे मला त्या दुपारी दिसलं.

या घटकांच्या जगात आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, १८५८ साली पुण्यापर्यंत रूळ आले आणि १८६३ मध्ये बोरघाट फुटल्यावर मुंबई-पुणे सलग झालं. गाडी घटका ओळखत नाही. बरं, पुढं ती मुंबईचं घड्याळही ओळखेनाशी झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं, मद्रासची ५ तास २१ मिनिटं पुढं, आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. म्हणजे मुंबईच्या घड्याळात साडेपाच वाजले की स्टेशनात सहा. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास वेळ लावली. मुंबईकरांनी इतका आरडाओरडा केला की १८८३ मध्ये हुकूम मागं घ्यावा लागला. पुढं १९०६ पासून साऱ्या देशाची एक वेळ झाली, तरी मुंबई महापालिकेनं आपली जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. मुंबईकर जागेवरून हलत नाही तो तसूभरही हलत नाही.

तुमची १८८२ सालची चिठ्ठी या भानगडीच्या अगदी मधोमध आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

सालाचा घोळ मी स्वतः घालून बसलोय, तेव्हा तो सांगून टाकतो. मोडी कागदात तीन-चार कालगणना सुखानं नांदतात. शालिवाहन शकात ७८ मिळवा, आणि पौषात किंवा त्यापुढं जानेवारी उलटला असेल तर ७९. महसुलाच्या फसली सनात ५९० किंवा ५९१. आणि अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन. हा सन मृग नक्षत्र लागलं की बदलतो, म्हणजे पावसाच्या तोंडावर. शेतकऱ्याचं नवं वर्ष ते. त्याचे आकडे अरबी आणि उलटे वाचायचे: आधी एकं, मग दहं, मग शंभर, मग हजार. 'सीत' सहा, 'अशरीन' वीस, 'मयातैन' दोनशे, 'अलफ' हजार. तर 'सीत अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे १२२६. त्यात ५९९ मिळवले की १८२५. शिवी नाही, साल आहे.

पण ५९९ फक्त मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारी ते मृग या काळात ६०० मिळवावे लागतात. सुरुवातीच्या वर्षांत एका घराचं दत्तकपत्र माझ्याकडे आलं. सन हाच, सीत अशरीन, महिना माघ. खालचा निम्मा कागद वाळवीनं खाल्लेला. मी ५९९ मिळवून मोकळा झालो: माघ, १८२५. घराण्याच्या दुसऱ्या टिपणात मूळपुरुषाचा मृत्यू शके १७४७ च्या भाद्रपदातला, म्हणजे १८२५ चा ऑगस्ट-सप्टेंबर. मी ऐटीत सांगितलं, मूळपुरुषानं हयातीत स्वतः दत्तक घेतला. वर्षभर त्या घरात तोच इतिहास चालला. पुढं दुसरा एक कागद तपासताना माझं मलाच खटकलं. माघ म्हणजे फेब्रुवारी. ६०० मिळवायचे. १८२६. म्हणजे दत्तक घेतला तेव्हा यजमान जाऊन सहा महिने झाले होते आणि तो निर्णय त्यांच्या विधवेचा होता. एका आकड्यानं मी एका बाईचं सगळ्यात मोठं काम तिच्या नवऱ्याच्या नावावर केलं होतं. घरी जाऊन सांगितलं. थोरल्या काकू म्हणाल्या, 'अहो, सासूबाई तसंच सांगायच्या, आम्हीच तुमचं खरं मानलं.'

तेव्हापासून मी साल काढलं की महिना बोट ठेवून वाचतो.

बाईचा विषय निघाला म्हणून सांगतो. पत्रांच्या मायन्यावरून नातं आणि स्थिती दोन्ही कळतात. 'तीर्थरूप' वडीलधाऱ्यांना, 'चिरंजीव' धाकट्यांना, 'राजमान्य राजश्री' बाहेरच्या बरोबरीच्या माणसाला, 'गंगाभागीरथी' म्हणजे जिला पत्र लिहिलं ती बाई विधवा आहे. दोन पत्रांत एकाच नावामागचं 'सौभाग्यवती' जाऊन 'गंगाभागीरथी' आलं तर मधल्या काळात काय झालं ते कुणी वेगळं सांगायला नको. आणि मृत्यूची पत्रं पेटीत शोधू नका. त्यांवर 'श्री' घालत नसत आणि वाचून झालं की फाडून टाकत. घरातली सगळ्यात मोठी बातमी पेटीत नसते, मायन्यात असते.

पत्रं इतक्या पातळ कागदावर आणि कडेकडेनं इतकी गच्च का, असंही तुम्ही विचारलं आहे. पेशवाईत सरकारी पत्रं जासूद पायी नेत, बहुतेक जोडीनं. खाजगी माणूस यात्रेकरूच्या, व्यापाऱ्याच्या हाती पत्र द्यायचा. १८५४ च्या ऑक्टोबरपासून साऱ्या हिंदुस्थानात अंतर न बघता, फक्त वजनावर टपाल हशील ठरलं. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा. पाव तोळा म्हणजे चार आण्याच्या पावलीचं वजन. म्हणजे पत्र पावलीपेक्षा जड झालं की पैसे दुप्पट. मग काय, कागद पातळ, अक्षर बारीक, समास भरलेला, आणि शेवटची ओळ आडवी फिरवून डाव्या कडेनं वर नेलेली. १ जुलै १८७९ ला एक पैशाचं पोस्टकार्ड आलं आणि मायना आखडला. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य' लिहायला कार्डावर जागा कुठली?

शेवटचा प्रश्न, रोजचं जगणं कळतं का. कळतं, पण वहीत काय आहे यापेक्षा काय नाही हे पाहायची सवय लागली तर. तुमच्या पहिल्या वहीत वर्षभर न्हाव्याला एक पैसा दिलेला नाही. कुंभाराला नाही, लोहार-सुताराला नाही, परटाला नाही. म्हणजे पणजोबांचे आजोबा दाढी करत नव्हते असं नाही. गावात बलुतं होतं. वर्षभर काम, आणि सुगीत खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा. ते रोकड वहीत येतच नाही. ज्यांच्या कष्टावर घर चालत होतं ती निम्मी माणसं हिशेबाबाहेर. दुसऱ्या वहीत, वीस-पंचवीस वर्षांनी, 'हजामत' असा आण्या-पैशांतला खर्च सुरू होतो. एक तर घर शहरात आलं, नाहीतर गावातलं बलुतं मोडायला लागलं. घर कधी हललं ते तुम्हाला माहीत असेल, त्यावरून ठरवा.

तसंच विस्तवाचं. पहिल्या वहीत दिव्याला तेल आहे, काड्यांची पेटी नाही. चूल राखेखाली जपायची, विझली तर शेजारणीकडून गोवरीवर निखारा आणायचा, नाहीतर चकमक झाडायची. शेजाऱ्याकडच्या निखाऱ्याचा हिशेब कोण लिहिणार? दुसऱ्या वहीत काड्यांची पेटी आली, पाठोपाठ घासलेट आलं, मग कंदिलाची काच. काच मात्र वर्षात पाच वेळा. फोडणारा कोण होता ते लिहिलेलं नाही, पण एका नोंदीपुढं 'चि॥' अशी खूण आहे. चिरंजीवांपैकी कुणीतरी.

कागद एवढे जपून का ठेवले, याचंही कारण बहुधा भावनिक नाही. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं आणि इनाम, म्हणजे सारामाफीची जमीन, खाणाऱ्यांना पुरावा दाखवा म्हणून विचारलं. ज्यांच्याकडे पुरावा नव्हता अशा कित्येकांची इनामं गेली. त्या धसक्यानं महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी पुढची शंभर वर्षं चिटोरंही फेकलं नाही. तुमच्या पेटीत सगळ्यात तळाला, तेलकट कापडात बांधलेलं काही असेल तर ते आधी बघा.

आता कामाचं. कागदांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करून घेऊ नका, उन्हात वाळवू नका. आणि झटकू नका. बोरूनं लिहून झालं की ओल्या शाईवर बारीक वाळू टाकत, टिपकागद नव्हता म्हणून. ती वाळू अजून अक्षरांना चिकटलेली असते. बॅटरीचा झोत आडवा टाका, ओळ चमकते. फिकट झालेलं अक्षर मी पुष्कळदा शाईवरून नाही, वाळूवरून वाचलं आहे.

१८८२ च्या चिठ्ठीचा फोटो याच पद्धतीनं पुन्हा काढून पाठवा. तिच्यात 'गाडी म॥ टाइम ६ वाजतां' असं आहे आणि 'म' च्या बरोबर खाली कसरीनं खाल्लेलं भोक आहे. तिथं उकार असेल तर 'मु॥', मुंबई टाइम. नसेल तर मद्रास. भोकाच्या डाव्या कडेला मला दोन-तीन कण चमकल्यासारखे वाटतात, पण फोटो वरून उजेड टाकून काढलाय, खात्री देता येत नाही. चिठ्ठीच्या पाठीमागं काही असेल तर तेही पाठवा, विशेषतः दुसऱ्या दिवसाची तारीख. गाडी चुकली असेल तर पुन्हा लिहिलं असणार.